विज्ञानकथेचें घर आणि ‘केवळ प्रौढांसाठीं’ची पाटी



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां करमणुकीचा वाटेल. परंतु ज्या घरांत मुलें आहेत त्या घरांत तो केव्हां ना केव्हां वादाचा होतोच. ज्या वैज्ञानिक अद्भुतकथा सहकुटुंब पाहावयाच्या म्हणून प्रसिद्धीस आल्या, ज्यांचीं चित्रें मुलांच्या दप्तरांवर आणि कंपासपेट्यांवर झळकतात, त्यांच्याच नांवाखालीं ‘केवळ प्रौढांसाठीं’ असें प्रमाणपत्र मिळणारे चित्रपट निर्मात्यांनीं काढावे काय? एक पक्ष म्हणतो, कलावंताला असली अट घालणें म्हणजे त्याचे हात बांधणें होय. दुसरा पक्ष म्हणतो, मुलांच्या जिवावर मोठी झालेली गोष्ट मुलांनाच दाराबाहेर उभी करूं लागली, तर तो विश्वासघात होय. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणून घाईनें निकाल न देतां प्रश्नाचे पदर एकेक करून उलगडावे, हें बरें.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. विज्ञानकथा ही मूळचीच बालवाङ्मयांतली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. १८१८ सालीं मेरी शेली या तरुण लेखिकेनें ‘फ्रँकेनस्टाईन’ लिहिली, ती कांहीं मुलांना निजवितांना सांगण्याची गोष्ट नव्हती. प्रेतांचे अवयव जोडून जीव निर्माण करणारा आणि मग त्या जिवाची जबाबदारी झटकणारा माणूस हा तिचा विषय. १८९८ सालचें एच. जी. वेल्स यांचें ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हें पुस्तकही साम्राज्यवाद्यांच्या डोळ्यांत अंजन घालणारें होतें. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा घरोघर पोंचल्या आणि हा वाङ्मयप्रकार हळूहळू किशोरांचा झाला. आपल्याकडे व्हर्नला मराठी मुलांच्या हातीं देण्याचें मोठें काम भा. रा. भागवत यांनीं केलें. म्हणजे ‘विज्ञानकथा मुळांत मुलांची, ती प्रौढांनीं पळविली’ ही तक्रार इतिहासाला धरून नाहीं. परंतु एखादी विशिष्ट कथामालिका ज्यांनीं मुलांना हांका मारमारून मोठी केली, त्यांच्यावर कांहीं बंधन येतें कीं नाहीं, हा प्रश्न मात्र तरीही शिल्लक राहतोच.

आतां ‘प्रौढांसाठीं’ या शब्दांचा कायद्यांतला अर्थ पाहूं. कारण या वादांतला निम्मा घोटाळा तो अर्थ ठाऊक नसल्यामुळें होतो. आपल्या देशांत चित्रपटांचे ‘यू’ म्हणजे सर्वांसाठीं आणि ‘ए’ म्हणजे प्रौढांसाठीं असे दोन वर्ग १९४९ सालच्या दुरुस्तीनें पाडण्यांत आले, आणि १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानें ते पुढें चालविले. १९८३ पासून मधला ‘यूए’ हा वर्ग आला. त्यांत बारा वर्षांखालील मुलांनीं आईबापांच्या सल्ल्यानें चित्रपट पाहावा असें अभिप्रेत होतें. २०२३ च्या दुरुस्तीनें या मधल्या वर्गाचे तीन पोटवर्ग झाले : सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील. हे तिन्ही आईबापांना दिलेले सल्ले होत. मूल त्या वयाचें नसलें तरी त्याला न्यावें कीं नाहीं, हें घरानें ठरवावयाचें. दाराशीं उभ्या असलेल्या डोअरकीपरनें नव्हे. परंतु ‘ए’ ची गोष्ट निराळी. तो सल्ला नव्हे, तें कुलूप आहे. अठरा वर्षें पुरीं न झालेल्या कोणासही, आई एका बाजूस आणि बाप दुसऱ्या बाजूस बसला असला तरी, तो चित्रपट चित्रगृहांत दाखवितां येत नाहीं.

अमेरिकेंतली रीत याहून वेगळी. तेथें १९६८ सालीं चित्रपटधंद्यानें आपण होऊन वर्गवारी सुरू केली. तिच्यांतला ‘आर’ हा वर्ग आपण ‘प्रौढांचा’ म्हणून ओळखतों. परंतु तेथें सतरा वर्षांखालील मूल आईबापांसह किंवा पालकासह अशा चित्रपटाला जाऊं शकतें. म्हणजे तिकडे ज्या ठिकाणीं निर्णय कुटुंबाचा असतो, त्याच ठिकाणीं आपल्याकडे तो कायद्याचा होतो. तिकडचा निर्माता जेव्हां ‘आमचा पुढचा चित्रपट आर वर्गाचा असेल’ असें मोठ्या अभिमानानें जाहीर करतो, तेव्हां त्याच्या देशांतल्या मुलासाठीं दार अर्धवट लोटलेलें असतें. आपल्या मुलासाठीं मात्र तें बहुधा पुरतें बंद होतें. हा भेद ध्यानांत न ठेवतां तिकडचा वाद जसाच्या तसा इकडे आणणें योग्य नव्हे.

हा वाद तिकडे उभा राहिला तरी कसा? ‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९६६ सालीं अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली. निरनिराळ्या वंशांचीं आणि देशांचीं माणसें एका नौकेंतून ताऱ्यांकडे जातात आणि शस्त्राआधीं शहाणपण वापरूं पाहतात, ही तिची बैठक. १९७९ सालीं तिचा पहिला चित्रपट निघाला, त्याला अमेरिकेंत लहानथोर सर्वांस मोकळा असा वर्ग मिळाला होता. २०१७ च्या अखेरीस मात्र क्वेंटिन टॅरंटिनो या रक्तरंजित चित्रपटांसाठीं प्रसिद्ध असलेल्या दिग्दर्शकाच्या कल्पनेवरून याच मालिकेचा ‘आर’ वर्गाचा चित्रपट काढण्याचें घाटत असल्याची वार्ता आली, आणि चाहत्यांत दोन तट पडले. तो चित्रपट निघाला नाहीं; वाद मात्र विझला नाहीं.

वाद न विझण्याचें एक कारण पैशाचें होतें. प्रौढांपुरता चित्रपट म्हणजे निम्मा प्रेक्षक गमावणें, अशी धंद्याची जुनी समजूत होती. २०१६ सालच्या ‘डेडपूल’नें पाऊणशे कोटी डॉलरांहून अधिक मिळकत करून ती मोडून काढली. २०१९ सालचा ‘जोकर’ शंभर कोटी डॉलरांपलीकडे गेला, आणि २०२४ सालच्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरीन’नें एकशेंतीस कोटींचा आंकडा ओलांडला. अर्थात् त्याच वर्षीं ‘जोकर’चा दुसरा भाग साफ कोसळला, तेव्हां रक्त आणि शिव्या यांना आपोआप गर्दी लोटते असेंही नव्हे. उलट दिशेचा प्रवासही घडलेला आहे. १९८७ सालचा ‘रोबोकॉप’ हा अमेरिकेंत अत्यंत हिंसक म्हणून गणला गेला. लगेच पुढच्या वर्षीं त्याच नायकाची मुलांसाठीं व्यंगचित्रमालिका निघाली, आणि १९९३ सालचा तिसरा चित्रपट तर किशोरांसाठींच सौम्य करण्यांत आला. तो कोणासच फारसा रुचला नाहीं. तेव्हां केवळ वर्ग बदलल्यानें गोष्ट चांगली होत नाहीं, तशी वाईटही होत नाहीं.

प्रौढ चित्रपटांच्या बाजूचा खरा युक्तिवाद याहून खोल आहे, आणि तो प्रामाणिकपणें ऐकून घेतला पाहिजे. २०१७ सालचा ‘लोगन’ हें त्याचें उत्तम उदाहरण. ह्यू जॅकमन या नटानें २००० सालापासून वुल्व्हरीन ही भूमिका केली होती. पोलादी नखांनीं शत्रूंना लोळविणारा हा वीर आधींच्या चित्रपटांतून पुष्कळ माणसें मारतो, परंतु पडद्यावर रक्त फारसें दिसत नाहीं. ‘लोगन’मध्यें तो थकलेला, आजारी आणि स्वतःच्या हातून झालेल्या हत्यांच्या ओझ्यानें वांकलेला आहे, आणि प्रत्येक घाव घाव म्हणून दिसतो. या पक्षाचें म्हणणें असें कीं, शेंकडों माणसें मरतात पण कोणाला खरचटतही नाहीं, अशी स्वच्छ हिंसा मुलांना दाखविणें हीच अधिक मोठी लबाडी आहे. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. मरणाची किंमत न दाखवितां मरण दाखवीत राहिलें, तर मुलाला मरण स्वस्त वाटूं लागतें.

दुसरा युक्तिवाद वयाचा. २००३ सालीं ‘कोई... मिल गया’ मधल्या जादूला पाहून हरखलेला आठ वर्षांचा मुलगा आज तिशीला टेकला आहे. त्याचा आवडता नायक मात्र जन्मभर तोच निरागस राहावा काय? वाचक वाढतो, तशी गोष्टही वाढावी, अशी अपेक्षा त्यानें धरली तर त्यांत गैर तें काय?

आतां दुसरी बाजू. ‘लोगन’मध्येंच लॉरा नांवाची एक लहान मुलगी आहे, कथेचा अर्धा भार तिच्यावर आहे. ती भूमिका करणारी डाफ्ने कीन चित्रपट प्रकाशित झाला तेव्हां बारा वर्षांची होती. आपल्याकडे त्याला ‘ए’ प्रमाणपत्र मिळालें. म्हणजे तिनें स्वतः केलेलें काम तिच्याच वयाच्या भारतीय मुलीला चित्रगृहांत पाहतां येईना. चित्रपट श्रेष्ठ असेल, नव्हे आहेच. परंतु त्याआधींचीं सतरा वर्षें ज्या मुलांनीं वुल्व्हरीनचीं नखें कागदाचीं करून अंगणांत लढाया केल्या, त्यांना त्याच्या शेवटच्या प्रवासाला मुकावें लागलें, हेंही तितकेंच खरें.

येथें मुद्दा नांवाच्या वजनाचा येतो. हें वजन केवढें असतें, हें कै. डॉ. जयंत नारळीकर यांनीं नेमकें ओळखलें होतें. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही आपली गोष्ट पाठवितांना त्यांनीं आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून ‘नारायण विनायक जगताप’ असें नांव घेतलें. मोठ्या शास्त्रज्ञाच्या कीर्तीचा दाब परीक्षकांवर पडूं नये, हा हेतु. गोष्ट गुणावर निवडली गेली. नांव ही केवळ ओळख नव्हे, तें आधींच दिलेलें वचन असतें. मूल चित्रपटाचें प्रमाणपत्र वाचीत नाहीं. तें नांव वाचतें. बाजारांतल्या खेळण्यावर, बिस्किटांच्या पुड्यावर आणि भिंतीवरच्या जाहिरातींत जें नांव त्याला सतत बोलावीत असतें, त्याच नांवानें एके दिवशीं ‘तूं येऊं नकोस’ म्हणावें, हें त्याला उमजत नाहीं. १९९२ सालीं ‘बॅटमन रिटर्न्स’च्या वेळीं अमेरिकेंत हेंच घडलें. चित्रपट काळोखा आणि भेसूर. पण त्याचीं खेळणीं मात्र मुलांच्या खाऊच्या डब्यांतून वांटलीं जात होतीं. पालकांनीं तक्रारी केल्या आणि १९९५ सालचा पुढचा चित्रपट दुसऱ्या दिग्दर्शकाकडे देऊन हलकाफुलका करण्यांत आला. त्या पालकांचा राग चित्रपटाच्या काळोखापेक्षां या दुटप्पीपणावर होता, असें मला वाटतें.

माजलगांवसारख्या तालुक्याच्या गांवीं हा प्रश्न आणखी एका कारणानें तीव्र होतो. मोठ्या शहरांतल्या बहुपडदा चित्रगृहांत आईबाप एका पडद्याकडे आणि मुलें दुसऱ्या पडद्याकडे जाऊं शकतात. सिंदफणेच्या कांठच्या कुटुंबाला अशी चैन नाहीं. अधिक मासांत पुरुषोत्तमपुरीला निघावें तसें सिनेमाला निघतांनाही आजीपासून नातवापर्यंत सारें बिऱ्हाड निघतें. जत्रेंतल्या तंबूच्या सिनेमानें आपल्या लोकांना हीच संवय लावली : एक पडदा, एक खेळ आणि सारें गांव. अशा ठिकाणीं घरच्या ओळखीचें नांव ऐकून निघालेल्या कुटुंबाला दाराशीं अडविलें, तर बहुधा सारेंच परततात. आणि परततात तें कोठें? हातांतल्या मोबाईलकडे. २०२१ च्या नियमांनीं तेथेंही वयाचे वर्ग सांगणें आणि प्रौढांच्या चित्रांना कुलुपाची सोय करणें बंधनकारक केलें आहे. पण त्या कुलुपाची किल्ली बहुतेक घरांत मुलांनाच आधीं सांपडते.

आकाशवाणीच्या श्रोत्यांना ही अडचण नवी नाहीं. १९३८ सालच्या ३० ऑक्टोबरला अमेरिकेंत ऑर्सन वेल्स यांनीं वेल्सची मंगळावरच्या स्वारीची कथा बातम्यांच्या धाटणीनें ध्वनिक्षेपित केली. प्रारंभींची सूचना चुकलेल्या कांहीं श्रोत्यांना ती खरी वाटली. त्या घबराटीच्या हकिकती पुढें पुष्कळ फुगविल्या गेल्या. तथापि एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होते. जें माध्यम थेट दिवाणखान्यांत येतें त्याला डोअरकीपर नसतो. तेथें सावधगिरी सांगणाऱ्यानेंच बाळगावी लागते.

मग यांतून मार्ग कोणता? तो शोधण्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच रंगभूमीवर रत्नाकर मतकरी यांनीं मुलांसाठीं ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलें आणि त्याच लेखणीनें अंगावर शहारे आणणाऱ्या गूढकथाही लिहिल्या. लेखक एक, दालनें दोन. गूढकथेंत चिंची चेटकिणीला आणून त्यांनीं मुलांची फसगत केली नाहीं. आणि मुलांसाठीं लिहितों म्हणून प्रौढांसाठीं लिहिण्याचा आपला हक्कही सोडला नाहीं. इंग्लंडांत बी. बी. सी. नें हेंच अधिक योजनापूर्वक केलें. ‘डॉक्टर हू’ ही सहकुटुंब पाहण्याची मालिका तशीच ठेवून तिच्यांतल्याच एका पात्राभोंवतीं २००६ सालीं ‘टॉर्चवुड’ ही प्रौढांची मालिका निराळ्या नांवानें आणि रात्रीं नऊनंतरच्या वेळेस सुरू केली. २००७ सालीं लहान मुलांसाठीं ‘सेरा जेन अ‍ॅडव्हेंचर्स’ ही तिसरी काढली. एकच वाडा, तीन खोल्या, आणि प्रत्येक दारावर स्वच्छ पाटी. यांत कलावंताचा हात बांधला गेला नाहीं आणि मुलाचीही वंचना झाली नाहीं.

दुसरें उदाहरण भागवतांच्याच फास्टर फेणेचें. तो कांहीं विज्ञानकथेचा नायक नव्हे, पण मराठी घरांत त्याच्याइतका विश्वासाचा सवंगडी दुसरा नाहीं. फुरसुंगीचा हा सायकलस्वार १९८० च्या दशकांत दूरदर्शनवर आला आणि २०१७ सालीं चित्रपटांत तरुण होऊन आला. या चित्रपटांत तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं पुण्यास येतो आणि एका मुलाच्या मृत्यूचा माग काढतां काढतां परीक्षेंतल्या काळ्या बाजारापर्यंत पोंचतो. विषय गंभीर, मरण खरें, खलपुरुष क्रूर. तरीही चित्रपट प्रौढांपुरता झाला नाहीं. आतां विचार करा : बीड जिल्ह्यांतलीं मुलें लातूरसारख्या गांवीं राहून जी प्रवेशपरीक्षा देण्यासाठीं रात्रीचा दिवस करतात, ती सतराव्या वर्षीं देतां येते. हा चित्रपट ‘ए’ झाला असता, तर ज्यांच्या आयुष्यावर तो बेतलेला, त्यांनाच तो पाहण्याची बंदी झाली असती!

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. गांभीर्य आणि ‘प्रौढ’ प्रमाणपत्र हीं एकच नव्हेत. नारळीकरांची ‘हिमप्रलय’ ही कथा पाहा. पृथ्वीवर हिमयुग येतें आणि माणसाची सारी मांडलेली घडी विस्कटते, याहून भयंकर विषय कोणता? परंतु बारा वर्षांचा मुलगा ती वाचतो, त्याचा आजोबाही वाचतो, आणि दोघेही विचारांत पडतात. शेवटीं प्रौढपणा हा प्रश्नाच्या खोलींत असतो. रक्ताच्या मापांत तो मोजतां येत नाहीं.

तेव्हां माझें मत मीं सांगतों. अशा चित्रपटांवर सरसकट बंदी असावी, असें मी म्हणणार नाहीं; ‘लोगन’सारखी कृति त्या बंदीनें जगाला मुकली असती. परंतु निर्मात्यानें तीन प्रश्नांचीं उत्तरें आधीं द्यावीं. पहिला : जें सांगावयाचें आहे तें सोळा वर्षांवरील मुलांच्या वर्गांत राहून खरोखरच सांगतां येत नाहीं काय? पुष्कळदां तें येतें, आणि तसें केल्यास निर्णय कायद्याकडे न जातां आईबापांकडेच राहतो. दुसरा : प्रौढ चित्रपटाला वेगळें नांव आणि वेगळी पाटी दिली आहे काय, कीं मुलांच्या ओळखीच्या नांवावर तिकिटें खपवावयाचीं आहेत? आणि तिसरा : ज्या चित्रपटाला मुलांना प्रवेश नाहीं, त्याचीं खेळणीं आणि जाहिराती मुलांच्या बाजारांतून काढून घेतल्या आहेत काय? या तिहींचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर तक्रारीला जागा नाहीं. नसतील, तर ‘कलेचें स्वातंत्र्य’ हे शब्द केवळ गल्ल्याचें पांघरूण होत.

आईबापांचेंही एक कर्तव्य आहे. नांव ओळखीचें म्हणून प्रमाणपत्र न वाचतां तिकिटें काढूं नयेत. आणि ‘ए’ ची पाटी पाहून मुलानें ‘मी कां नको?’ असें विचारलें, तर ‘तुला काय करावयाचें आहे’ म्हणून त्याला गप्प बसवूं नये. ‘या गोष्टींत अमुक आहे, तें तुला अजून पेलणार नाहीं, अठरा पुरीं झालीं म्हणजे आपण दोघे मिळून पाहूं’ असें सरळ सांगावें. कारण सांगून घातलेली मनाई मूल सहसा पाळतें. कारण न सांगितलेली मनाई तें मोबाईलवर मोडतें. आणि वचन दिलें असेल, तर अठराव्या वर्षीं तें पाळावें. ज्या घरांत वचनें पाळलीं जातात, त्या घरांतल्या मुलाला निर्मात्यांकडूनही वचन पाळण्याची अपेक्षा करण्याचा अधिकार मिळतो.